आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी जायचे आहे. डोळ्यांची शस्त्रक्रिया त्याआधी उरकावी का?

पत्राचा सारांश

जळगाव जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या 36 वर्षांच्या भगिनींचे हे पत्र आहे. दीड वर्षापूर्वी त्यांची थायरॉइड ग्रंथी प्रमाणाबाहेर काम करत असल्याचे निदान झाले आणि कार्बिमाझोलच्या गोळ्या सुरू झाल्या. गेल्या श्रावणात कानबाई देवीच्या उत्सवात रोटांसाठी भाऊबंद जमले असता जावेने पहिल्यांदा विचारले, "तुमचे डोळे असे का दिसतात?" त्यानंतरच्या सात महिन्यांत दोन्ही डोळे, विशेषतः डावा, पुढे आले आहेत आणि वरच्या पापण्या इतक्या वर ओढल्या गेल्या आहेत की बुबुळाच्या वरही पांढरे दिसते. सकाळी पापण्या सुजलेल्या असतात, डोळे लाल असतात, डोळा फिरवताना दुखते, वाऱ्यात सारखे पाणी वाहते आणि वर पाहताना कधीकधी एकाच्या जागी दोन दिसतात. दोन महिन्यांपासून थायरॉइडचे रिपोर्ट नॉर्मल आहेत, पण डोळे तसेच आहेत.

जळगावच्या नेत्रतज्ज्ञांनी थांबायला सांगितले आहे. मोठ्या शहरातील एका रुग्णालयाने पापण्या खाली आणण्याची शस्त्रक्रिया याच महिन्यात करून देण्याची तयारी दाखवली आहे. पुण्याला असलेल्या धाकट्या भावाने अमेरिकेतील एका नव्या औषधाबद्दल वाचले असून गरज पडल्यास प्लॉट विकण्याची त्याची तयारी आहे. एका नातेवाइकांनी किरणोत्सारी आयोडीन घेऊन "एकदाचा निकाल लावा" असे सुचवले आहे. अडीच महिन्यांवर आखाजी आली आहे. "आखाजीच्या आत शस्त्रक्रिया करून घ्यावी, नव्या औषधाची वाट पाहावी, की हेच तोंड घेऊन माहेरी जावे?" असा त्यांचा प्रश्न आहे.

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रातले एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. "मी रागावलेली नसते, तरी पहिलीची मुले माझ्याकडे पाहून गप्प होतात," असे तुम्ही लिहिले आहे. शाळेत, बाजारात, सासरी जो तो तुमच्या चेहऱ्यावर राग वाचतो आणि तो राग तुमच्या मनात नसतोच, हे दुःख थोडे नाही. पत्राच्या शेवटी तुम्ही अपराधी सुरात विचारले आहे की केवळ दिसण्यासाठी एवढा खर्च करणे योग्य आहे का. स्वतःचा चेहरा परत मिळावा असे वाटणे ही हौस नाही. थायरॉइडच्या विकारासोबत होणाऱ्या या नेत्रविकारावरील संशोधनात रुग्णांना एक प्रश्नावली दिली जाते, आणि तिच्यात डोळ्यांनी कामे नीट होतात का याच्या बरोबरीने बदललेल्या दिसण्याचा मनावर आणि लोकांत वावरण्यावर काय परिणाम झाला हेही विचारले जाते. उपचार लागू पडला की नाही हे तोलताना दोन्ही उत्तरे धरली जातात. डॉक्टर ज्याला आजाराचा भाग मानतात, त्याला तुम्ही स्वतःचा दोष मानू नये.

आता मुख्य प्रश्नाकडे येते. तुम्ही मांडलेल्या सगळ्या वाटांच्या मुळाशी एक गृहीत आहे. आज डोळे जसे आहेत तसेच ते राहणार आणि आता ते दुरुस्त कशाने करायचे एवढेच ठरवायचे उरले आहे, असे तुम्ही धरून चालला आहात. तुमची लक्षणे मात्र वेगळे सांगतात. या आजाराची धग मोजण्यासाठी डॉक्टर सात खुणा पाहतात: डोळ्यामागे दुखणे, डोळा फिरवताना दुखणे, पापण्यांची लाली, पापण्यांची सूज, पांढऱ्या भागाची लाली, त्याची सूज आणि नाकाकडच्या कोपऱ्यातील मांसल गाठीची सूज. यांपैकी तीन किंवा अधिक असल्या की आजार सक्रिय समजला जातो. फिरवताना दुखणे, लाली आणि सकाळची सूज अशा तीन खुणा तुमच्या पत्रातच आहेत. प्रत्यक्ष तपासणीत त्या कमी-अधिक ठरू शकतील, पण पत्रावरून तरी तुमचा आजार अजून चालू आहे असेच मला वाटते, आणि जळगावच्या डॉक्टरांनी थांबा म्हटले त्यामागेही हेच कारण असावे. त्यांनी ते कारण तुम्हाला समजावून सांगितले नाही, ही उणीव राहिली.

डोळ्यांत नेमके काय घडते ते सांगते, कारण ते कळल्याशिवाय थांबण्याला अर्थ येत नाही. शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच थायरॉइड ग्रंथीला चेतवणारी प्रतिद्रव्ये तयार करते. त्या ग्रंथीच्या पेशींवर ज्या खुणेला ही प्रतिद्रव्ये चिकटतात, तीच खूण डोळ्यामागच्या काही पेशींवरही असते. त्या पेशी चेतल्या की चरबी वाढते, पाणी धरून ठेवणारा चिकट पदार्थ साचतो आणि डोळा हलवणारे स्नायू सुजून जाड होतात. डोळ्याची खोबण हाडाची असते आणि तिच्यात जेमतेम 30 मिलिलिटर, म्हणजे खोकल्याच्या औषधाच्या तीन झाकणांइतकी जागा असते. चारही बाजूंना हाड आणि मोकळी फक्त समोरची बाजू, म्हणून वाढलेला ऐवज डोळ्याला पुढे ढकलतो. पापणी वर ओढणारा स्नायू आखडतो. डोळा पूर्ण मिटत नाही म्हणून तो कोरडा पडतो आणि कोरडेपणा भरून काढण्यासाठी अश्रुग्रंथी जास्त पाणी सोडते. ती ग्रंथी स्वतःही या आजारात सुजू शकते. वाऱ्यात पाणी वाहते याचा अर्थ डोळ्यांत ओलावा भरपूर आहे असा होत नाही.

रिपोर्ट नॉर्मल आले तरी डोळे का सुधारत नाहीत, याचेही उत्तर यातच आहे. गोळ्यांनी ग्रंथीचे काम आवरले जाते, पण डोळ्यामागची प्रक्रिया प्रतिद्रव्यांनी चालवलेली असते आणि ती आपल्या गतीने चालते. थायरॉइड नॉर्मल ठेवणे तरीही अत्यंत गरजेचे आहे, कारण पातळी फार वर किंवा फार खाली गेली तर डोळे आणखी बिघडतात. टी. एस. एच. (थायरॉइड कमी पडला की रक्तात वाढणारे संप्रेरक) वाढले की "आता थायरॉइड कमी झाला, म्हणजे बरेच झाले" असे काही जण समजतात. डोळ्यांच्या दृष्टीने तेही वाईटच. याला जोडूनच एक विचारते. या आजारात केस गळतात आणि पुष्कळ स्त्रिया मेडिकलमधून बायोटिनच्या गोळ्या आणून घेतात. तुम्हीही घेत असाल, तर रक्त तपासण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य सांगा. बायोटिनमुळे काही प्रकारच्या चाचण्यांत थायरॉइडचे आकडे खोटे येतात, आणि खोट्या आकड्यांवर गोळीचा डोस बदलला गेला तर त्याची शिक्षा डोळ्यांना होते.

ऑस्ट्रेलियाचे शल्यचिकित्सक फ्रान्सिस रंडल यांनी 1945 मध्ये दाखवले की हा नेत्रविकार आधी चढत जातो, शिखर गाठतो, थोडा उतरतो आणि मग एका पातळीवर स्थिर होतो. चढाचा आणि उताराचा हा काळ बहुतेकांत सहा महिन्यांपासून दीड-दोन वर्षांपर्यंत, काहींत त्याहून लांब असतो. तुम्ही सातव्या महिन्यात आहात. भिंत अजून खचत असताना कोणी गिलावा करत नाही. आज पापणी मोजून मापून खाली आणली आणि पुढच्या चार महिन्यांत डोळा आणखी पुढे आला, तर आजचे माप वाया जाईल. दृष्टीला धोका नसेल तर आजार शांत होऊन किमान सहा महिने मापे स्थिर राहिल्यावर शस्त्रक्रिया करावी, असा जगभरच्या तज्ज्ञांचा सर्वसाधारण दंडक आहे.

दुसरी गोष्ट शस्त्रक्रियांच्या क्रमाची आहे आणि ती मोठ्या शहरातल्या त्या रुग्णालयाने तुम्हाला सांगितलेली दिसत नाही. पूर्ण दुरुस्तीत तीन टप्पे येऊ शकतात. पहिला खोबणीचा, म्हणजे हाडाच्या एक-दोन-तीन भिंतींचा काही भाग आणि थोडी चरबी काढून डोळ्याला मागे जायला जागा करून देणे. किती भिंती उघडल्या यावर डोळा साधारण 2 ते 6 मिलिमीटर, कधी त्याहून जास्त मागे जातो. दुसरा टप्पा तिरळेपणाचा, म्हणजे दोन-दोन दिसत असेल तर स्नायूंची जागा बदलणे. पापण्यांचा टप्पा शेवटचा. डोळा मागे गेला की पापणीची जागा बदलते, स्नायू सरकवला तरीही बदलते, म्हणून पापणी आधी करणे म्हणजे बहुधा ती दोनदा करणे. सगळ्यांना तिन्ही टप्पे लागतात असे नाही. अनेकांचे केवळ पापणीवर भागते आणि काहींना काहीच लागत नाही. तुम्हाला काय लागेल हे आज कोणीही खात्रीने सांगू शकणार नाही.

धुळे जिल्ह्यातील एक भगिनी काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आल्या होत्या. त्यांच्या पापण्यांची शस्त्रक्रिया दुसरीकडे कुठेतरी आजार भरात असतानाच झाली होती. पाचव्या महिन्यात पापण्या पुन्हा वर गेल्या, एका डोळ्यावर आधीच्या टाक्यांचा घट्ट व्रण राहिला आणि पुढची शस्त्रक्रिया त्या व्रणामुळे अवघड झाली. त्यांच्याही घरी लग्न होते आणि त्यांनाही तारीख गाठायची होती. तुमचे पत्र वाचताना मला त्यांची आठवण झाली, म्हणून हे लिहिते आहे. आखाजीच्या आत पापणीची शस्त्रक्रिया करू नका.

पण थांबणे म्हणजे हातावर हात ठेवून बसणे असे मी मुळीच म्हणत नाही, आणि "अजून थांबा" एवढ्या दोन शब्दांवर तुम्हाला घरी पाठवले गेले असेल तर तेही मला पटत नाही. आजार सक्रिय असतो तोच काळ औषधांचा असतो. दुखणे, लाली, दोन दिसणे अशा मध्यम ते तीव्र आजारात शिरेतून दिले जाणारे मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड बऱ्याच वर्षांपासून प्रचलित आहे. युरोपातील तज्ज्ञांच्या गटाने सुचवलेली पद्धत अशी आहे: सहा आठवडे दर आठवड्याला अर्धा ग्रॅम, नंतर सहा आठवडे पाव ग्रॅम, म्हणजे बारा आठवड्यांत एकूण साडेचार ग्रॅम. 2005 मध्ये जर्मनीतून प्रसिद्ध झालेल्या 70 रुग्णांच्या तुलनेत शिरेतून स्टेरॉइड घेणाऱ्यांपैकी 77 टक्के आणि तोंडाने गोळ्या घेणाऱ्यांपैकी 51 टक्के रुग्णांना गुण आला, आणि दुष्परिणामही गोळ्यांच्या गटात जास्त दिसले. आपल्याकडे स्टेरॉइडच्या गोळ्या महिनोन्‌महिने, कधी डॉक्टरांना न विचारताच, चालू ठेवल्या जातात. ते कृपया करू नका. हे उपचार सुरू करण्याआधी साखर, रक्तदाब, यकृत, कावीळ ब आणि क्षयरोग यांची तपासणी व्हायला हवी. एक गोष्ट आधीच मनाशी धरा. या औषधाने लाली, सूज, दुखणे ओसरते, दोन दिसणे कमी होऊ शकते, पण पुढे आलेला डोळा मागे जाण्याचे प्रमाण बेताचेच असते. हे न सांगता सलाईन लावले की बाराव्या आठवड्यात रुग्ण आरशासमोर उभा राहून निराश होतो.

आता तुमच्या भावाने वाचलेल्या औषधाविषयी. त्याने वर्णन केले आहे त्यावरून ते टेप्रोट्युमुमॅब असावे. त्याची कहाणी खरोखरच विलक्षण आहे. ते मुळात कर्करोगासाठी तपासले जात होते. डोळ्यामागच्या त्या चेतलेल्या पेशींवर आणखी एक ग्राहक (संदेश झेलणारी जागा) असतो, आणि तो थायरॉइडच्या ग्राहकाशी, म्हणजे वर सांगितलेल्या खुणेशी, संगनमताने काम करतो हे लक्षात आल्यावर तो अडवणारे हे औषध नेत्रविकारात वापरून पाहिले गेले. 2020 च्या जानेवारीत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली आणि या आजारासाठी तिथे मान्यता मिळालेले ते पहिलेच औषध ठरले. त्याच महिन्यात प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 83 रुग्ण होते. दर तीन आठवड्यांनी एक अशी शिरेतून आठ सलाईने दिल्यावर, चोविसाव्या आठवड्यात औषध घेणाऱ्यांपैकी 83 टक्के रुग्णांचा डोळा किमान 2 मिलिमीटर मागे गेला होता. नुसते सलाईन घेणाऱ्यांत हे प्रमाण 10 टक्के होते. औषधाच्या गटात डोळा मागे जाण्याची सरासरी 2.82 मिलिमीटर होती. केवळ औषधाने डोळा इतका मागे जातो हे आम्ही शिकलो तेव्हा कोणी मानले नसते. भावाचा उत्साह मी समजू शकते.

तरीही प्लॉट विकण्याआधी काही गोष्टी त्याच्यासोबत बसून पाहा. ही तुलना औषधविरहित सलाईनशी होती, आपल्याकडे मिळणाऱ्या स्टेरॉइडशी नव्हती. औषध थांबवल्यानंतर बऱ्याच रुग्णांचा डोळा महिन्यांनी किंवा वर्षाने काही प्रमाणात पुन्हा पुढे आलेला आढळला आहे आणि काहींना सलाईनची दुसरी फेरी घ्यावी लागली. स्नायूंत वांब येतात, रक्तातील साखर वाढते, आणि ज्याची मला सर्वाधिक काळजी वाटते तो दुष्परिणाम म्हणजे ऐकू कमी येणे; काहींत ते परत आले नाही, आणि अमेरिकेतील औषधाच्या माहितीपत्रकात तशी ताकीद आहे. तुम्ही शिक्षिका आहात, वर्गात मागच्या बाकावरचे पोर काय पुटपुटते ते तुम्हाला ऐकू यायला हवे. गरोदरपणात हे औषध चालत नाही आणि शेवटच्या मात्रेनंतरही सहा महिने गर्भधारणा टाळावी लागते. अमेरिकेत पूर्ण उपचाराचा खर्च लाखो डॉलरांत जातो. कोणी मध्यस्थ "बाहेरून मागवून देतो" म्हणत असेल, तर प्रत्यक्ष तपासणारे तज्ज्ञ, त्यांची चिठ्ठी आणि परवाना असलेले रुग्णालय यांच्याशिवाय त्याला एक रुपयाही देऊ नका.

नव्या संशोधनाविषयी मला आदर आहे, म्हणूनच ते किती पिकले आहे हे पाहावे असे वाटते. रिटुक्सिमॅब या औषधाचे उदाहरण घ्या. 2015 मध्ये त्याच्या दोन काटेकोर चाचण्यांचे निकाल आले. इटलीतील चाचणीत ते स्टेरॉइडपेक्षा सरस ठरले आणि अमेरिकेतील चाचणीत त्याचा नुसत्या सलाईनपेक्षा काहीच जास्त उपयोग दिसला नाही. रुग्ण आजाराच्या कोणत्या टप्प्यावर होते, हा त्या दोन चाचण्यांतील एक मोठा फरक मानला जातो. टेप्रोट्युमुमॅब त्या अनिश्चिततेच्या पुढे गेलेले आहे, पण तुमच्या प्रकृतीला, तुमच्या ऐपतीला आणि आजाराच्या आजच्या टप्प्याला ते योग्य आहे का हा प्रश्न भावाने वाचलेल्या लेखाने सुटत नाही. उद्या ते तुमच्या आवाक्यात आले तर विचार जरूर करा. मात्र त्याच्या वाटेवर डोळे लावून आज हाताशी असलेले उपचार सोडू नका.

सेलेनियम या खनिजाचे थोडक्यात सांगते, कारण अनेक वाचक त्याविषयी विचारतात. 2011 मधील युरोपीय चाचणीत सौम्य आजार असलेल्यांना दिवसातून दोनदा 100 मायक्रोग्रॅम सेलेनियम सहा महिने दिल्यावर फायदा दिसला. ती चाचणी सौम्य आणि नव्या आजारापुरती होती. तुमचा आजार त्या पायरीच्या पुढे आहे. डॉक्टरांनी दिले तर घ्या, मनाने जास्त घेऊ नका.

किरणोत्सारी आयोडीनविषयी तुमच्या नातेवाइकांचा हेतू चांगला असला तरी सल्ला आत्ता योग्य नाही. ग्रंथीसाठी तो चांगला उपचार आहे, पण डोळ्यांचा आजार सक्रिय असताना दिल्यास काही रुग्णांत डोळे आणखी बिघडतात, आणि सिगारेटचा संबंध असेल तर ही शक्यता वाढते. तो द्यायचाच झाला तर स्टेरॉइडचे कवच देऊन आणि थायरॉइडच्या व डोळ्याच्या डॉक्टरांनी एकत्र ठरवूनच द्यावा.

सिगारेटचा उल्लेख तुम्ही पत्रात एका ओळीत केला आहे: "हे संध्याकाळी ओसरीवर सिगारेट ओढतात आणि मी शेजारी वह्या तपासते." माझ्या दृष्टीने संपूर्ण पत्रातली ही सर्वांत महत्त्वाची ओळ आहे. या नेत्रविकाराशी धूम्रपानाचे नाते अतिशय पक्के सिद्ध झालेले आहे. धूम्रपान करणाऱ्या थायरॉइडच्या रुग्णांना डोळ्यांचा आजार अधिक होतो, अधिक तीव्र होतो आणि त्यांना औषधांचा गुण कमी येतो. शेजारी बसून धूर घेणाऱ्यांनाही धोका असावा असे सुचवणारे अभ्यास आहेत. तुमच्या यजमानांना हा परिच्छेद वाचून दाखवा. दादा, तुमच्या पत्नीसाठी प्लॉट विकायला तिचा भाऊ तयार आहे. तुम्हाला त्याहून स्वस्त आणि आज संध्याकाळपासून करता येईल असा उपाय उपलब्ध आहे. ओसरीवरून अंगणात गेल्याने भागणार नाही, कारण कपड्यांना आणि घराला धूर चिकटून राहतो. सिगारेट सोडणे अवघड असते हे मला ठाऊक आहे. तंबाखू सोडण्यासाठी 1800 11 2356 हा सरकारी मोफत दूरध्वनी क्रमांक आहे, त्यावर बोला.

रोजच्या काळजीचे आता सांगते, कारण फाल्गुनानंतर आपल्याकडचे ऊन आणि लू काय असते ते तुम्हाला माहीत आहे. कृत्रिम अश्रूंचे थेंब दिवसातून चार-सहा वेळा, डोळे खुपण्याची वाट न पाहता, टाकत जा. वारंवार लागणार असल्याने शक्य तर संरक्षक रसायन नसलेले घ्या. झोपताना जेल किंवा मलम घाला. रात्री डोळा किंचित उघडा राहतो का हे यजमानांना पाहायला सांगा. राहत असेल तर डॉक्टरांकडून पापणीवर पट्टी लावायची पद्धत शिकून घ्या. उशी थोडी उंच घेतली की सकाळची सूज कमी वाटते. दुचाकीवर मागे बसतानाही बाजू झाकणारा चष्मा लावा, आणि कूलरची हवा थेट तोंडावर घेऊ नका. मे महिन्यात हे सांगणे सोपे आणि पाळणे अवघड आहे, तरी कूलरची दिशा बदलता येते. दोन दिसण्याचा त्रास वाढला तर चष्म्याला चिकटवायचे तात्पुरते प्रिझम मिळतात. वरची पापणी काही काळापुरती खाली आणण्यासाठी बोट्युलिनम टॉक्सिनचे इंजेक्शन हाही एक पर्याय आहे. त्याचा परिणाम साधारण तीन महिन्यांत ओसरतो आणि पापणी काही दिवस जास्त खाली येण्याचा किंवा दोन दिसणे वाढण्याचा धोका असतो. पण ते कायमचे काही बदलत नाही, म्हणून शस्त्रक्रियेची वेळ येईपर्यंत काही रुग्णांना त्याचा आधार होतो. याविषयी तज्ज्ञांना जरूर विचारा.

काही खुणा दिसल्या तर मात्र सण, शाळा, परीक्षा काहीही न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठा. एक डोळा झाकून दुसऱ्याने, मग उलट, असे रोज सकाळी लाल कुंकवाकडे किंवा लाल काठाच्या पदराकडे पाहा. एका डोळ्याला लाल रंग फिका किंवा विटका दिसू लागला, नजर धूसर झाली, बाजूचे दिसेनासे झाले, तर जाडावलेले स्नायू खोबणीच्या टोकाशी दृष्टीची नस दाबत असण्याची शक्यता असते. अशा वेळी मोठ्या मात्रेत स्टेरॉइड, आणि दोनेक आठवड्यांत गुण न आल्यास खोबणीची शस्त्रक्रिया तातडीने करावी लागते. सहा महिने स्थिर राहण्याचा नियम तेव्हा लागू नसतो. बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, उजेड सहन होईना किंवा तीव्र दुखू लागले, तर तीही तितकीच निकड समजा. आणि कार्बिमाझोल चालू असेपर्यंत घसा दुखून ताप आला तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्तातील पांढऱ्या पेशी तपासून घ्या.

कुठे जावे, असेही तुम्ही विचारले आहे. पापणी, अश्रुमार्ग आणि खोबण यांवर काम करणाऱ्या नेत्रतज्ज्ञांची ऑक्युलोप्लास्टी ही स्वतंत्र शाखा आहे. पुण्या-मुंबईत असे तज्ज्ञ आहेत, हैदराबादचे एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थान, चेन्नईचे शंकर नेत्रालय, मदुराईचे अरविंद नेत्र रुग्णालय यांत या शाखेचे विभाग आहेत. भुसावळहून रेल्वेने रातोरात मुंबई गाठता येते, पण दर आठवड्याच्या सलाईनसाठी ते परवडणारे नाही. म्हणून योजना मोठ्या केंद्रात ठरवून घ्यावी आणि सलाईन जळगाव किंवा धुळ्यात, तिथल्या डॉक्टरांशी बोलून, देखरेखीखाली घ्यावे असे मी सुचवेन. पहिल्या भेटीत पुढील गोष्टी विचारून लिहून घ्या: आजाराच्या सात खुणांपैकी किती आहेत, दोन्ही डोळे किती मिलिमीटर पुढे आहेत, रंगदृष्टी कशी आहे, सीटी स्कॅनमध्ये स्नायू जाड आहेत की चरबी वाढली आहे, आणि पुढची तपासणी केव्हा. ही मापे दर दोन-तीन महिन्यांनी एकाच वहीत नोंदली गेली, तर स्थिर झाले की नाही हे कोणालाही सांगता येईल. खर्चाचे बोलायचे तर प्लॉटला हात लावण्याआधी, ज्या रुग्णालयात जाल तिथल्या आरोग्यमित्राकडे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते ते विचारा.

राहिली आखाजी. तुमचे दिसणे आखाजीपर्यंत पूर्ववत होणार नाही आणि तसे वचन देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, हे मी स्पष्टच लिहिते. पण माहेरी जाऊ नये असे त्यातून निघत नाही. जाण्याआधी आईला फोन करून सांगून ठेवा की थायरॉइडमुळे डोळे पुढे आले आहेत, उपचार चालू आहेत, आणि शेजारणींनी विचारले तर तिनेच हे उत्तर द्यावे. झोक्यावर बसाल तेव्हाही वाऱ्यासाठी तो चष्मा लावा. आणि येताना एक काम करा. आईच्या पेटीत किंवा भावाच्या कपाटात तुमच्या लग्नाचा अल्बम असेल, डी. एड. च्या वेळचे फोटो असतील, आजारापूर्वीच्या चार-पाच वर्षांतले समोरून काढलेले काही फोटो असतील. ते घेऊन या. पापणी कोणत्या उंचीवर आणायची, डोळा किती मागे न्यायचा हे ठरवताना शल्यचिकित्सक रुग्णाचे जुने फोटो मागतात, कारण तुमचा चेहरा मुळात कसा होता हे त्यांना दुसरे कोणी सांगू शकत नाही. ते फोटो त्या मापांच्या वहीतच ठेवा.

तुमची,
सदरलेखिका